बांगडीतलं रान

मी पौडला चष्म्याचं दुकान चालवते. हे आधीच सांगून टाकते, कारण सुभेदारांविषयी पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी लाज आहे, आणि ती शेवटपर्यंत दडवून ठेवण्याइतका धीर माझ्यात नाही. रिह्यापासून कोळवणपर्यंतच्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या नाकावर माझ्या दुकानातली काच आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी नाही म्हणून सांगायचं कधीच सोडून दिलं आहे. आणि ज्या माणसाची नजर सगळ्या खोऱ्यात तेज म्हणून नावाजलेली होती, त्याच्यासमोर मी चार वर्षं दर रविवारी बसत होते. आता सुभेदार नाहीत. तरी तो एक रविवार आठवला की हातातला चहाचा कप मी आधी खाली ठेवते.

नामदेव सुभेदार रिहे गावचे. फौजेत त्यांची बरीच वर्षं जवानांना लांबचा नेम शिकवण्यात गेली. तिकडे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. पेन्शनीत आल्यावर भात लावायचा आणि दोन म्हशी सांभाळायच्या, एवढाच त्यांचा बेत होता. पण गावाच्या वरच्या अंगाला एका शहरी माणसाने घेतलेल्या जागेत रीतसर परवाने काढून रायफल नेमबाजीचा छोटा क्लब सुरू झाला आणि त्या लोकांना उस्ताद हवा होता. सुभेदार बघायला म्हणून गेले आणि तिथेच राहिले. म्हशी काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गळ्यात पडल्या, आणि काकूंनी ते त्यांना जन्मभर ऐकवलं.

माणूस बुटका, सुकट, उन्हाळ्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. गळ्यात शिट्टी, गालात लवंग. रायफलीला हात लावायच्या आधी चपला काढायचे आणि दुसऱ्यालाही काढायला लावायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पायात चप्पल आसली की मानूस निघायच्या घाईत आसतो." ‘छान’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. पाचही गोळ्या एकाच भोकात गेल्या तर "बरं हाय", आणि नाही गेल्या तर नुसतं नाक ओढणं. त्यांच्या त्या नाक ओढण्याला पुण्याचे मोठमोठे वकील घाबरायचे.

आमची ओळख माझ्याच दुकानात झाली. काकूंना चष्मा करायला ते घेऊन आले होते. काकूंच्या नाकावर मी तपासणीची चौकट चढवली आणि पेटीतल्या काचा एकामागून एक घालत विचारत गेले, हे बरं का ते बरं. सुभेदार स्टुलावरून उठून माझ्या पेटीत वाकून बघायला लागले. काकू काय वाचतायत याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, असं मला तेव्हा वाटलं.

"म्हंजे तुमी आधी घालून बघाय देता, आनि मंग काच कापता?"

म्हटलं, "नाहीतर काय करायचं?"

"आमचे लोक उलटं करत्यात," ते म्हणाले. "आधी इलायतेची दुर्बीण आनत्यात, मंग मला इचारत्यात, सुबेदार, ही चांगली हाय का?"

लहानपणी एनसीसीत मी पॉइंट टू-टू रायफल चालवली होती आणि बरी चालवली होती. ते बोलता बोलता निघालं. पुढच्या रविवारी मी क्लबात.

तिथे पहिल्या दिवशी मला रायफल मिळाली नाही. मिळाली ती एक बांगडी. इथे थोडं समजावून सांगायला हवं. लांबच्या नेमासाठी रायफलीवर दुर्बीण बसवतात आणि तिच्यात डोळा घातला की काचेत बारीक रेघा दिसतात. नेमबाज त्याला रेटिकल म्हणतात, सुभेदार म्हणायचे फुली. फुल्यांचे प्रकार ढीगभर. कुणाची साधी अधिकचिन्हासारखी, कुणाच्या रेघांवर ठरावीक अंतरावर ठिपके, तर कुणाच्या खालच्या अर्ध्या काचेत आलेखाच्या वहीसारखी जाळी. दोनशे मीटरवर जाईपर्यंत आमच्या रायफलींची ही छोटी गोळी माणसाच्या छातीइतकी खाली येते, वारा तिला ढकलतो तो वेगळाच. मग ते अंतर कुणी दुर्बिणीची चकती फिरवून भरून काढतो, कुणी ठिपके मोजून तेवढा वर नेम धरतो. कोणती फुली कुणाला मानवेल यावर क्लबातले लोक चहाचे कपच्या कप रिकामे करायचे.

सुभेदारांकडे त्यासाठी एक पत्र्याचा डबा होता. आत काकूंच्या जुन्या बांगड्या, लाखेच्या आणि प्लास्टिकच्या. प्रत्येक बांगडीत दोरे ताणून बांधलेले. एकीत शेळीच्या केसांची बारीक फुली, एकीत शिवणाच्या दोऱ्याला मोजून मारलेल्या गाठी, एकीत चारी बाजूंनी जाड सुतळी आणि मध्ये रिकामं. नवा माणूस आला की त्याला समोरच्या डोंगराकडे तोंड करून उभं करायचं, दहापर्यंत आकडे मोजायचे, मग डोळे मिटायला सांगून विचारायचं, काय दिसलं?

मी म्हणाले, "तीन पळस, त्यातला डावीकडचा वठलाय. वर एक ऐन. त्याच्या खाली दोन पांढरे दगड."

"तुमी मोजताय," सुभेदार म्हणाले आणि गाठींची बांगडी माझ्या हातात दिली. "हात लांब करा, हिच्यातून बगा. ज्याला मोजायची खोड हाय त्याला गाठी द्याव्यात. त्येच्या डोस्क्याला काम मिळतं, मंग ते बोटाच्या कामात लुडबुडत न्हाई."

माझ्यानंतर उभ्या राहिलेल्या माणसाने डोळे मिटून "हिरवं" एवढंच सांगितलं. त्याला साधी फुली मिळाली. त्या बांगड्यांवर मी महिनाभर काढला. हसू नका, मला खरोखर फरक पडला. दुकानात माणसाच्या डोळ्याला काच जुळवायची मला सवय होती, स्वभावाला काच जुळवणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

शिकवणं बाजूला ठेवलं तर त्यांचं क्लबातलं खरं काम एकच होतं. गोळीबाराआधी "रान मोकळं" असं ओरडणं. निशाण्यांच्या मागे मातीचा उंच बांध होता, पण त्याच्यामागे डोंगराचा उतार, आणि त्या उतारावर धोंडाबाईच्या शेळ्या. धोंडाबाई धनगराची. क्लब, परवाना, फार्महाउस हे सगळं यायच्या कितीतरी आधीपासून तिचं चरणं तिथलंच. सुभेदारांनी पहिल्याच वर्षी तिच्या वस्तीवर जाऊन करार केला होता. शेळ्या बांधामागच्या अंगाला असल्या की तिने ऐनाच्या झाडाला पांढरं फडकं बांधायचं. फडकं दिसतंय तोपर्यंत इकडे एक गोळी सुटणार नाही. सुभेदार तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून डोंगर डावीकडून उजवीकडे बघायचे, मग उजवीकडून डावीकडे, आणि मग ओरडायचे. ते ओरडले की बाकी कुणी मान वर करून डोंगराकडे बघायचं नाही, असा नियम नव्हता, पण कुणी बघायचं नाही हे खरं. सुभेदारांनी बघितलं म्हणजे बघितलं.

दुसरा एक नियम मात्र होता. "थांबा म्हनायला हुद्दा लागत न्हाई," असं ते पहिल्या दिवशीच प्रत्येकाकडून म्हणवून घ्यायचे. "सैपाकाच्या बाईनं म्हनलं तरी थांबायचं. का म्हनून नंतर इचारायचं." आम्ही शाळेतल्या पोरांसारखे म्हणायचो आणि विसरून जायचो.

त्या रविवाराच्या आधीच्या वर्ष-दीड वर्षात सुभेदारांच्या बांगड्या बदलल्या. आधी माणूस बघून बांगडी देणारे सुभेदार येईल त्याला सुतळीचीच द्यायला लागले, चारी बाजूंनी जाड आणि मध्ये रिकामी. शेळीच्या केसांची बारीक फुली डब्याच्या तळाला गेली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मधी काय नसावं. मधी निशाना आसावा. रेघा लांब हुब्या ऱ्हाव्यात, पाव्हन्यागत."

आम्हाला हे फारच आवडलं. एकाने तर घरी भिंतीवर लिहून लावलं. म्हातारपणी माणूस कसा साधेपणाकडे येतो, यावर मीही चहा पिता पिता दोन वाक्यं फेकली होती. सहा-सात जणांनी आपल्या दुर्बिणी बदलून तसल्या घेतल्या, जाड खांबांच्या आणि मोकळ्या मधल्या. मी माझ्या गाठी सोडल्या नाहीत. पण मला वाटलं तो माझा हट्ट आहे, सुभेदारांचं पुढचं शिक्षण माझ्या डोक्यात शिरत नाहीये.

मग आला केतन. माणला आयटी पार्कात कामाला, तिथेच कुणाच्या चार मजल्यांतली खोली भाड्याने. हुशार पोरगा, पण कागदावर सगळं जास्त. त्याने दुर्बीण मागवली ती जाळीच्या फुलीची. इतकी बारीक जाळी की प्रत्येक घराला आकडा. सुभेदारांनी तिच्यात डावा डोळा घातला, बराच वेळ पाहिलं आणि नाक ओढलं.

"काच वाकडी हाय. मधल्या रेघा दबल्यात. परत धाडा."

केतनने परत धाडली. दुकानदाराने बदलून दिली. सुभेदारांनी तीही बघितली. तीही वाकडी. तिसरी आली तो फाल्गुनातला रविवार. समोर पळस फुलला होता, सकाळचे नऊ वाजले होते. क्लबात आम्ही मोजून सहा जण. केतनने दुर्बीण रायफलीवर चढवली आणि परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहावा तसा बाजूला उभा राहिला.

सुभेदार चपला काढून बसले. डोळा लावला.

"ह्यीबी तसलीच," ते म्हणाले. "कडंच्या रेघा सरळ हायेत. मधी आलं की वाकत्यात. जनू पिठाच्या गोळ्यात कुनी बोट दाबलंय."

मी शेजारीच माझ्या गाठींच्या बांगडीशी चाळा करत बसले होते. ते वाक्य कानावर पडलं आणि मी चाळा थांबवला. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. माझ्या दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी चौकटींचा एक तक्ता लावलेला आहे, पांढऱ्यावर काळ्या रेघांची साधी जाळी, मध्ये एक ठिपका. पन्नाशीपुढचा माणूस आला की त्याचा एक डोळा झाकून मी विचारते, ठिपक्याकडे बघा, रेघा सरळ दिसतात का? कुणी म्हणालं की मधल्या वाकल्यात, तर मी चष्मा करत नाही. त्याला त्याच दिवशी पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवते. कारण काच चांगली असते, तक्ता चांगला असतो. डोळ्याचा पडदा मधोमध खराब होत असतो.

"केतन, मला बघू दे," मी म्हणाले.

बघितलं. जाळी सरळ होती. शाळेच्या वहीइतकी सरळ.

"तुला कशी दिसते?" मी हळूच विचारलं.

"मॅडम, मला तर तिन्ही स्ट्रेटच दिसल्या," केतन कुजबुजला. "पण उस्ताद म्हणतायत म्हणजे... मला वाटलं आपली नजर ट्रेन्ड नाहीये."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या शिकलेल्या पोराने स्वतःच्या डोळ्याला खोटं ठरवून दोन चांगल्या दुर्बिणी परत पाठवल्या होत्या. आणि मी त्याला काय म्हणून हसणार? माझ्या डोक्यात तोवर बाकीचं सगळं भराभर जागेवर पडत होतं. सुतळीची बांगडी. मधी काय नसावं. पाव्हन्यागत लांब उभ्या राहणाऱ्या जाड रेघा. ज्याला आम्ही शहाणपण म्हणून भिंतीवर लिहिलं, ते एका माणसाच्या डोळ्याला पडलेलं भोक होतं.

हे सगळं मनात चाललं तितक्यात सुभेदार उठले होते. "आसूद्या, आज हिच्यावरच चालवा," असं केतनला म्हणून ते मोठ्या दुर्बिणीपाशी गेले होते. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. त्यांची पाठ मला दिसत होती. मला बोलायचं होतं, पण काय म्हणून बोलायचं, कुणासमोर, कोणत्या शब्दांत, या विचारात मी तशीच उभी. केतन आडवा झाला. इतर दोघेही आडवे झाले.

"रान मोकळं!"

केतनने गोळी भरली, खिट्टी पुढे सरकवून खाली दाबली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझा हात आपोआप लांब झाला, त्यात बांगडी होती, आणि बांगडीतून मी डोंगर मोजायला लागले. एक पळस. दोन पळस. वठलेला पळस. वर ऐन. ऐनावर पांढरं.

"थांबा!" मी ओरडले. "थांबा, थांबा, थांबा!"

माझा आवाज असा निघतो हे मला माहीत नव्हतं. पण सुभेदारांनी म्हणवून घेतलेलं ते वाक्य कामाला आलं. तिघांची बोटं बाहेर आली, खिट्ट्या मागे गेल्या, गोळ्या चटईवर पडल्या. का म्हणून कुणीही विचारलं नाही.

ऐनाच्या बुंध्याशी धोंडाबाई पाय पसरून बसली होती, पायातला काटा काढत. भोवती शेळ्या. बांधाच्या कडेवरून एखादी चुकलेली गोळी जिथे सहज जाऊ शकते, नेमकं तिथे. खालचं पाणी आटलं म्हणून ती त्या दिवशी अलीकडे आली होती आणि करारानुसार फडकं बांधून निवांत बसली होती. तिने आमच्याकडे वर मान करूनही बघितलं नाही.

"काय झालं?" सुभेदारांनी विचारलं.

"फडकं आहे, आबा." मी त्यांना आबा कधीच म्हणत नसे.

"कुटं?"

मी बोट केलं. त्यांनी सरळ बघितलं. "तितं काय न्हाई."

मग त्यांनी मान जराशी फिरवली, कुणी हाक मारल्यासारखी उजवीकडे. आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर कळलं की आता दिसलं. त्यांनी मान परत सरळ केली. परत फिरवली. तीनदा. तीनदा ते फडकं गेलं असेल आणि तीनदा आलं असेल. चौथ्यांदा त्यांनी मान फिरवली नाही. ते आहे तिथेच खाली मातीत बसले, आणि कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो घ्यायला त्यांचा हात चार बोटं बाजूने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले, काकूंना न घेता. स्टुलावर बसले आणि मी काही विचारायच्या आत अक्षरांचा तक्ता वरून खालपर्यंत धडाधड म्हणून मोकळे झाले. शेवटच्या ओळीसकट. मी तक्ता उलटा केला. त्याच्या मागच्या बाजूला वेगळी अक्षरं आहेत. सुभेदार गप्प झाले.

"काकूंच्या वेळी पाठ केलात?"

"व्हय."

"का?"

"उजवा गेला ते ठाव हुतं मला," ते म्हणाले. "म्हनलं, डावा हाय की. कुनाला सांगायचं? नजर गेलेला उस्ताद म्हंजे दात काढलेला कुत्रा. पन डावाबी चाललाय ह्ये न्हाई कळलं, ताई. आईच्यान."

मी चौकटींचा तक्ता त्यांच्या हातात दिला. त्यांनी ठिपक्यावर डोळा ठेवला आणि बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. "हितं दबलंय. आन हितं... हितं न्हाईच काय."

मला वाटायचं असल्या माणसाला मध्ये काळा डाग दिसत असेल. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की पुष्कळांना तसा दिसत नाही. भोक पडतं तिथे आपलं डोकं आजूबाजूचं चित्र भरून टाकतं. आजूबाजूला रान असेल तर रान. म्हणजे सुभेदार खोटं बोलले नव्हते. त्यांना खरोखरच रान मोकळं दिसलं होतं. या गोष्टीचा धक्का मला फडक्यापेक्षाही जास्त बसला, आणि खरं सांगते, तो अजून उतरलेला नाही.

त्या दिवशी दुकानातून निघताना त्यांनी विचारलं, "मंग ते... मधी काय नसावं, म्हनायचो म्या. ते?"

मी चौकटींचा तक्ता परत भिंतीवर अडकवला.

"मला तसंच बरं दिसायचं," ते म्हणाले. "म्हनलं, समद्यांना बरं."

पुण्याला दवाखान्यात डाव्या डोळ्यात सुया घेतल्या, उरलं होतं तेवढं थांबलं. गेलेलं परत येत नाही, ते आलं नाही. पण त्याच्याही आधी, दवाखान्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी, सुभेदार मला म्हणाले, चला. जीपने आम्ही धोंडाबाईच्या वस्तीवर गेलो. ती करडाला पाजत होती. सुभेदारांनी अंगणाबाहेर चपला काढल्या.

"धोंडाबाई, रविवारी तुजं फडकं मला दिसलं न्हाई. म्या रान मोकळं म्हनलो. ह्या ताईंनी थांबिवलं म्हनून तू हायेस."

मला वाटलं ती आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. करडू तिच्या हातातून सुटून गेलं तरी तिचा हात तसाच.

"आवो, मी झोपायची की तितं," ती म्हणाली. "फडकं बांधलं की निवांत झोपायची मी. सुबेदार बगत्यात म्हनून."

सुभेदारांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्यापुढे धरली. "हितनं पुढं तू वाजवायची. तुजी शिट्टी आली तर गोळी. न्हाई आली तर दिसभर बसू दे त्यांना च्या पीत."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तू कुटं हायेस ते तुला कळतंय ना? मंग झालं."

ती शिट्टी धोंडाबाईने पदराने पुसली, फुंकून बघितली, आणि शेळ्या दचकल्या तशी स्वतःच हसली. सुभेदार हसले नाहीत. क्लबाच्या लोकांनी आधी जरा कुरकुर केली, की एका बाईच्या शिट्टीवर थांबायचं म्हणजे काय. सुभेदारांनी त्यांना एवढंच विचारलं की गोळी लागली तर कुणाला लागणार. तेव्हापासून आजपर्यंत क्लबात शिट्टी डोंगरावरून येते.

त्यानंतर त्यांनी आणखी एक काम केलं, जे मला जमलं नसतं. त्यांच्या सांगण्यावरून ज्यांनी दुर्बिणी बदलल्या होत्या त्या प्रत्येकाला त्यांनी समोर बसवून सांगितलं, की ती फुली माझ्या डोळ्याची होती, तुमच्या नाही, परत बदला. एका निवृत्त साहेबांनी ऐकलं नाही. म्हणाले, सुभेदार, माझा नेम त्या फुलीनेच सुधारला. सुभेदारांनी नाक ओढलं. "चुकून बरुबर आलं म्हंजे बरुबर न्हवं," म्हणाले, आणि त्यांना परत डोंगरासमोर उभं करून दहा आकडे मोजले. साहेबांनी डोळे मिटून सांगितलं, की पळसावर एक कोतवाल पक्षी बसलाय, त्याची शेपटी दुभंगलेली आहे. त्यांना शेळीच्या केसांची बारीक फुली मिळाली. केतनला त्याची जाळी. "सरळ हाय तुजी काच," त्याला म्हणाले. "आन तुजा डोळाबी. पुन्यांदा कुनाचं आयकून सोताचा डोळा परत धाडू नगंस."

दीडएक वर्ष ते असे होते. क्लबात यायचे, बांगड्या द्यायचे, डोंगराकडे बघायचे नाहीत. गावात मात्र बोलणं सुरू झालं. सुभेदार गर्विष्ठ झाले म्हणे. समोरून माणूस आला की तोंड फिरवतात. भावकीतला एक माणूस लग्नाची पत्रिका द्यायला जाऊन रागाने ती पायरीवर ठेवून आल्याचं मी माझ्या दुकानातच ऐकलं. मी त्याला समजावायला गेले तर तो मलाच म्हणाला, डॉक्टर, तुम्ही त्यांची बाजू घेणारच.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते कार्तिकात. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढा पसरलेला, काकू गोठ्यात धार काढत होत्या. पुढच्या आठवड्यात झोपेतच ते गेले, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी काकूंचा नवा चष्मा पोचवायला गेले होते. सुभेदार ओट्यावर मांडीवर डबा घेऊन बसले होते, बांगडीत दोरा ओवत. बोटांनीच चाचपून गाठ मारायचे.

"कुनासाठी?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"नवी पोरगी आलीया क्लबात. काय दिसलं इचारलं तर म्हनली, काय न्हाई, वारा दिसला." त्यांनी लवंग या गालातून त्या गालात केली. "तिला कसली फुली द्यायची त्येचा इचार करतुया. आशी आजवर कुनी भेटली न्हाई."

मी निघाले. अंगणाच्या टोकाला जाऊन वळून म्हटलं, येते, आबा. त्यांनी ताबडतोब मान फिरवली आणि गोठ्याकडे तोंड केलं. क्षणभर, इतकं सगळं माहीत असूनही, मला राग आला. मग ते बोलले.

"आज टिकली हिरवी लावलीसा, ताई. रोजची लाल कुटं गेली?"

माझा हात कपाळावर गेला. सकाळी लालचं पाकीट संपलं होतं. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. मी जीपमध्ये बसले. जीप वळणावर वळेपर्यंत सुभेदार गोठ्याकडे तोंड करून माझ्याकडे बघत होते.